उडवतो कोण?

हातकणंगले तालुक्यात ग्लायडर उडत नाही. बिनइंजिनाचे हे विमान चालवायला शिकायचे तर पुण्याला, हडपसरला जावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र तिथे आहे. तरीही ग्लायडर शिकणाऱ्या नवख्या माणसापुढे पहिल्या काही उड्डाणांतच जो प्रश्न उभा राहतो, त्यावर विचार करायला हातकणंगल्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. इंजिन नाही, इंधन नाही, तरी हे यंत्र तास-दोन तास, कधी दिवसभर आकाशात राहते. त्याला वर ठेवतो कोण? चालवणाऱ्याचा प्रयत्न, की हवेची कृपा?

तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. जुने पारगाव आणि मनपाडळे या गावांत समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी दोन आहेत. मारुती हा वाऱ्याचा मुलगा, समुद्र ओलांडणारा. समर्थांनी त्याला गावोगाव उभे केले ते बलोपासनेसाठी, माणसाने हातपाय हलवावेत म्हणून. त्याच तालुक्यात कुंभोजजवळ जैनांचे बाहुबली क्षेत्र आहे. समंतभद्र महाराजांनी 1934 साली तिथे ब्रह्मचर्याश्रम सुरू केला आणि 1963 साली बाहुबलीची 28 फूट उंच मूर्ती उभी राहिली. हा बाहुबली हलत नाही. पायांवर वेली चढल्या तरी हलत नाही. एकीकडे झेप, दुसरीकडे निश्चल उभे राहणे. दोन्हींना नमस्कार करणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, त्यामुळे हा प्रश्न इथल्या मातीला नवा नाही.

जमिनीवर असताना ग्लायडर केविलवाणे दिसते. पोटाखाली एक मुख्य चाक, लांबलचक पंख आणि त्यांतला एक गवताला टेकलेला. उड्डाणाची वेळ झाली की कोणीतरी तो पंख उचलून समतोल धरतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, किलोमीटरभर अंतरावर, विंच असतो. ताकदीच्या इंजिनावर दोर गुंडाळणारे हे यंत्र. त्याचा दोर ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवतात. पुढच्या आसनावर शिकणारा, मागे प्रशिक्षक. इशारा होतो, दोर ताणला जातो, पंख धरणारा चार पावले सोबत पळतो आणि काही सेकंदांत ग्लायडर पतंगासारखे तीव्र कोनात चढू लागते. समोरच्या काचेत फक्त आकाश. हजारेक फुटांवर नाक खाली घेऊन पिवळी मूठ ओढली की दोर सुटतो आणि ढकलणारे, ओढणारे सगळे खाली राहते.

इथून पुढचा हिशेब नवख्याला चक्रावून टाकतो. स्थिर हवेत ग्लायडर सतत खालीच येत असते. चांगले प्रशिक्षण ग्लायडर किलोमीटरभर उंचीवरून साधारण 30 किलोमीटर पुढे जाते, म्हणजे दर 30 मीटरमागे एक मीटर उंची खर्च होते. त्याचे वजनच त्याला पुढे नेते. उंची मिळवायची तर वर चाललेली हवा शोधावी लागते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर उठतात, त्यांना ग्लायडरवाले थर्मल म्हणतात. ग्लायडर सेकंदाला एक मीटर पडत असेल आणि भोवतालची हवा सेकंदाला तीन मीटर चढत असेल, तर ग्लायडर दोन मीटरने वर जाते. पण त्या हवेच्या दृष्टीने पाहिले तर ते तेव्हाही पडतच असते! चढणे आणि पडणे एकाच क्षणी, एकाच देहात चाललेले असते. अध्यात्मावर लिहिणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा असे हे सत्य आहे, आणि त्याची बेरीज चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरच्या काट्यावर दिसते.

हातकणंगल्याच्या माणसाने हे झोत डोक्यावर पाहिलेले असतात, फक्त त्यांच्याकडे लक्ष दिलेले नसते. ओल्या, हिरव्या उसाच्या फडावरून हवा तितकीशी उठत नाही. कारण उन्हाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. बाहुबलीच्या किंवा आळत्याजवळच्या रामलिंगाच्या डोंगरासारखा खडक आणि उघडा माळ मात्र तापतो. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी घार पंख न हलवता घिरट्या घालत चढताना पाहायची तर नजर अशा जागांवर ठेवावी. ती घार जे करते तेच ग्लायडर शिकणाऱ्याला करायचे असते.

माणसाला ते जमायला फार वेळ लागला. जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल यांनी करकोच्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करून 1889 साली पुस्तक लिहिले, आणि पुढे टेकड्यांवरून सुमारे 2,000 वेळा झेप घेतली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधने आणली. तेव्हा तिथली तरुण मुले वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागली. 1922 च्या ऑगस्टमध्ये आर्थर मार्टेन्स तिथे एक तासाहून अधिक काळ हवेत राहिला. 2018 च्या सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या वाऱ्यावर ‘पर्लान 2’ हे ग्लायडर 76,000 फुटांच्या वर गेले. प्रवासी विमाने साधारणपणे उडतात त्याच्या जवळजवळ दुप्पट ही उंची. भारतातही नागरी विमान विभागाच्या तंत्रज्ञांनी ग्लायडर बांधली आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली. अश्विनी 1958 साली उडाले, रोहिणी 1961 साली, आर्द्रा 1979 साली.

आता श्रेय कोणाचे, याकडे वळू.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवे दैव. लगेच पुढे बजावले आहे की, जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, हा विषय मराठीत आणला. ग्लायडरच्या मैदानावर ही यादी हाताने मोजता येते. विंच चालवणारा, पंख धरणारा, इशारा देणारा, सुटलेला दोर पुन्हा ओढून आणणारा, वेळ टिपणारा यांच्याशिवाय एकही उड्डाण होत नाही. वर एकटा दिसणारा माणूस खालच्या पाच-सहा जणांनी वर पाठवलेला असतो. आणि एवढे सगळे जुळूनही त्या दुपारी आभाळ भरून आले, जमीन तापलीच नाही, तर दहा मिनिटांच्या आत खाली यावे लागते.

23 जुलै 1983 ला कॅनडात घडलेली गोष्ट या पाच कारणांची साक्षच आहे. एअर कॅनडाच्या बोइंग 767 मध्ये इंधन मोजताना पौंड आणि किलोग्रॅमची गल्लत झाली आणि 41,000 फुटांवर दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात 69 माणसे होती. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर उडवण्यात मुरलेले होते. उंची जास्त आणि धावपट्टी जवळ अशा अडचणीत त्यांनी एवढे मोठे विमान ग्लायडरसारखे तिरके घसरवत खाली आणले. हा झाला प्रयत्न, वर्षानुवर्षे केलेला. पण उतरायचे कुठे? सहवैमानिक मॉरिस क्विंटाल पूर्वी हवाई दलात असताना गिमली नावाच्या तळावर राहिले होते, म्हणून त्यांना ती बंद झालेली धावपट्टी आठवली. ती नेमकी टप्प्यात होती. सगळे वाचले. पिअर्सन यांचे कौशल्य वजा करा, विमान कोसळते. क्विंटाल यांची जुनी नेमणूक वजा करा, तरी कोसळण्याचीच भीती. ती नेमणूक कोणी या दिवसासाठी केलेली नव्हती.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवे. कृपा म्हटले की देणारा येतो, त्याचा हेतू येतो. हवा मात्र कोणासाठी म्हणून वर जात नाही. मग तिच्या मदतीला म्हणायचे काय? इथे कुंभोजच्या परंपरेकडे जावे लागते, कारण जैन आचार्यांनी या प्रश्नावर जेवढा बारीक विचार केला आहे तेवढा फार थोड्यांनी केला असेल.

जैन तत्त्वज्ञानात सहा द्रव्ये मानली आहेत आणि त्यांत धर्म नावाचे एक द्रव्य आहे. इथे धर्म म्हणजे आचार किंवा पुण्य नव्हे. जीव आणि जडवस्तू यांच्या गतीला साहाय्य करणारे ते द्रव्य. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात त्याचे काम सांगितले आहे, आणि नेमिचंद्रांच्या द्रव्यसंग्रहात माशाचा दृष्टांत दिला आहे. पोहणाऱ्या माशाला पाणी साहाय्य करते, थांबलेल्या माशाला ते ढकलत नाही. याला उदासीन निमित्त म्हणतात. त्याच्या उलट प्रेरक निमित्त, जे स्वतः हालते आणि दुसऱ्याला हलवते. कुंदकुंदाचार्यांच्या पंचास्तिकायावर टीका लिहिताना अमृतचंद्रांनी हा फरक नेमका वाऱ्याच्या उदाहरणानेच स्पष्ट केला आहे: वारा ध्वजाला फडकवतो तसे धर्मद्रव्य कोणाला हलवत नाही. आणि या दोन्ही निमित्तांच्या पलीकडे उपादान, म्हणजे ज्याच्यात बदल घडतो त्याची स्वतःची शक्ती. बाहेर कितीही वारा असो, दगड उडत नाही.

ही फूटपट्टी ग्लायडरला लावली की प्रयत्न आणि कृपा या जोडीचे धुके विरते. विंच हा प्रेरक निमित्त. थर्मलसुद्धा ध्वजाच्या वाऱ्यासारखा प्रेरकच, पण त्याला कोणाची ओळख नाही. घार, पाचोळा, ग्लायडर, जे सापडेल ते तो उचलतो. पंखाचा आकार आणि चालवणाऱ्याची समज हे उपादान. शिकणाऱ्याच्या हाती यांतले शेवटचेच असते. जैन विचारात जग चालवणारा, वर देणारा ईश्वर नाही. तरी त्यात निमित्ताला नाकारलेले नाही आणि स्वतःला सर्वकर्ता म्हणण्याची मुभाही ठेवलेली नाही. देणारा कोणी नसला तरी मिळालेले मिळालेलेच असते, आणि ते आपण निर्माण केले नाही हे मान्य करता येते. नास्तिकाला नम्र होता येत नाही असे समजणाऱ्यांनी आणि नम्र झाले की देव मानावाच लागतो असे समजणाऱ्यांनी, दोघांनीही हा विचार एकदा मनापासून वाचावा.

वारकरी याला हरकत घेईल. त्याच्या लेखी वाराही विठ्ठलाचाच आणि घारही त्याचीच. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आभाळातून सुखरूप उतरलेल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात आणि त्याला समोर कोणीतरी हवा असतो. पण मैदानावर या दोन समजुतींचे परिणाम वेगळे होतात. अजून एक झोत मिळेलच, देव आहेच, अशा भरवशावर जो मैदानापासून दूर जातो, तो परत पोहोचत नाही. म्हणून नवख्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात की, मैदान नेहमी टप्प्यात ठेवायचे, कारण ग्लायडरला उतरण्याची संधी एकदाच मिळते. इंजिन नसल्याने उतरणे चुकले म्हणून पुन्हा वर जाता येत नाही. मिळेल तो झोत घ्यायचा, पण तो मिळणारच असे धरून काही ठरवायचे नाही. हा नियम कोणाचीही ओळख न ठेवणाऱ्या हवेचा स्वभाव जाणून केलेला आहे.

केवळ प्रयत्नावर विश्वास असणाऱ्याचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. नवखा माणूस ग्लायडर वळवायची, नाक वर-खाली करायची स्टिक मुठीत आवळून धरतो. प्रशिक्षक सांगतात, बोटांच्या टोकांनी धर. काचेवर बाहेरून लोकरीचा एक छोटा धागा चिकटवलेला असतो. ग्लायडर नीट चालले असेल तर तो सरळ मागे उडतो, तिरके घसरत असेल तर एका बाजूला वळतो. हे बहुधा विमानशास्त्रातले सगळ्यात स्वस्त उपकरण असावे, आणि ते आजही महागड्या ग्लायडरांवर असते. शिकणारा धागा सरळ करायला पायाखालचे पेडल जोरात दाबतो, धागा दुसऱ्या बाजूला जातो, तो आणखी जोर लावतो. जोर कमी केला की धागा पुष्कळदा आपणच सरळ होतो.

यापेक्षा गंभीर धडा स्टॉलचा. ग्लायडर खाली चाललेले दिसले की भीतीने माणूस स्टिक मागे ओढतो, नाक वर करतो. नाक वर केले की वर जाऊ, असे त्याच्या सगळ्या देहाला वाटते. पण पंख आणि येणारी हवा यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरचा प्रवाह तुटतो, उचल कोसळते आणि ग्लायडर खरोखर पडू लागते. उपाय एकच: पडत असताना स्टिक पुढे सारून नाक खाली करायचे. वेग परत येतो आणि पंख पुन्हा धरतो. विंचचा दोर मध्येच तुटला तरी पहिली कृती हीच. 9 ऑगस्ट 1896 ला लिलिएंथाल यांचे ग्लायडर स्टॉल होऊन कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. अंगाचे वजन इकडेतिकडे झुकवून ते ग्लायडर सांभाळत असत आणि त्या क्षणी तेवढा ताबा पुरला नाही. ती बातमी अमेरिकेत राइट बंधूंनी वाचली आणि आधी ताबा मिळवायचा, मग इंजिन, असा क्रम त्यांनी ठरवला. 1902 साली त्यांनी शेकडो वेळा ग्लायडर उडवले. इंजिन डिसेंबर 1903 मध्ये आले.

बाहुबलीच्या कथेतला पेच असाच आहे. वर्षभर तो कायोत्सर्गात, देहाचे भान सोडून ध्यानात, उभा राहिला, वारुळे वाढली, वेली चढल्या, आणि तरी केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, होईना. श्वेतांबर परंपरा सांगते की, आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांपुढे वाकावे लागेल हा मान आडवा येत होता. शेवटी ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन त्याला हत्तीवरून खाली उतरायला सांगितले. तो तर जमिनीवर उभा होता; हत्ती मनातला होता. दिगंबर परंपरेत, जिनसेनांच्या आदिपुराणात, कारण वेगळे आहे: आपल्यामुळे थोरल्या भावाला, भरताला, क्लेश झाला ही सल. कारण कोणतेही घ्या, तप कमी पडले नव्हते. प्रयत्न आणखी वाढवून ती गाठ सुटणार नव्हती, काहीतरी सोडावे लागणार होते. कुंभोजच्या मूर्तीपुढे पुष्कळ लोक निश्चयाचे बळ मागतात. ते मागावेच, पण कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवावा.

मात्र उड्डाणाला सरळ मोक्षाची उपमा देणे चुकीचे ठरेल. मुक्त जीव वर का जातो, हे तत्त्वार्थसूत्राच्या दहाव्या अध्यायात दृष्टांतांनी सांगितले आहे: कुंभाराचे फिरवून सोडलेले चाक, मातीचा लेप धुऊन गेल्यावर पाण्यावर येणारा भोपळा, टरफल फुटल्यावर उसळणारे एरंडाचे बी, अग्नीची ज्वाळा. कर्माचे ओझे गेले की जीव स्वभावानेच लोकाच्या शिखरापर्यंत जातो. ग्लायडरचे अगदी उलटे आहे. ओझे गेले तर ते चालणारच नाही. स्पर्धेतले वैमानिक वेग वाढावा म्हणून पंखांत मुद्दाम शेकडो पौंड पाणी भरतात आणि उतरण्याआधी सोडून देतात. म्हणून ग्लायडर हे मुक्त जीवाचे चित्र नव्हे, संसारी जीवाचे आहे. स्वतःचे वजन टाकता येत नाही, त्याच वजनावर वाट काढायची असते.

जैन दृष्टीने यापुढचा आक्षेप अधिक कठीण आहे. या परंपरेत हवा निर्जीव नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी यांच्याप्रमाणे वायुकायिक जीवही आहेत, एकेंद्रिय, पण जीवच. मुनी वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात, पंख्याने वारासुद्धा घेत नाहीत. मग धूर नाही, आवाज नाही, म्हणून ग्लायडर निर्दोष कसे? मुनींच्या महाव्रतांत त्याला जागा नाही, हे स्पष्ट आहे. गृहस्थाचे अणुव्रत मर्यादेचे असते, आणि मर्यादा पाळून हवेत जायचे तर कमीत कमी घेऊन जाण्याचा हा मार्ग आहे, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

धर्म आणि उड्डाण यांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी पुष्पक विमानावर आणि ‘वैमानिक शास्त्रा’वर जाते. 1974 साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ तपासला. तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या आराखड्यांचा अभिमान धरण्यात आपण फार वेळ घालवला. गती म्हणजे काय, साहाय्य कशाला म्हणावे, कर्ता किती आणि निमित्त किती, यावर उमास्वामींनी, कुंदकुंदांनी, ज्ञानेश्वरांनी केलेला विचार अस्सल आहे आणि आजच्या हवेतही तपासता येतो.

हातकणंगल्यातल्या शाळांत उचल आणि गुरुत्वाकर्षण विज्ञानाच्या तासाला शिकवतात, आणि बाहुबलीच्या विद्यापीठात तत्त्वार्थसूत्र शिकवतात. या दोन्ही ठिकाणच्या शिक्षकांना विनंती आहे: उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका दुपारी मुलांना एकत्र डोंगरावर न्या, घार दाखवा, आणि तिला वर कोण नेते ते मुलांनाच विचारा. ज्या मुलांना उत्तर स्वतःच्या हातांनी शोधावेसे वाटेल, त्यांना हडपसरच्या केंद्राचा पत्ता द्या.